दाखला न विचारणारं दार

प्रश्न : मी मोडनिंबला राहते, कॉलेजात शिकते. माझ्या ताईचा मुलगा पाच वर्षांचा आहे. जन्मल्यावर तो उशिरा रडला, मान उशिरा धरली, अजून आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितली आहे. ताई त्याला व्यायामासाठी सोलापूरला घेऊन जाते, त्यात अख्खा दिवस जातो. बाकीचे दिवस दोघं घरातच असतात. गावात अशी आणखीही मुलं आहेत म्हणतात, पण ती कुठे दिसत नाहीत. मध्यंतरी एका कार्यक्रमात ‘समावेशक केंद्र’ हा शब्द ऐकला. अशा मुलांची वेगळी शाळा असते हे ठाऊक आहे. मग हे केंद्र म्हणजे नेमकं काय? आणि मोडनिंबसारख्या गावात ते उभं राहील का?
— एक वाचक, मोडनिंब (ता. माढा)

उत्तर : उभं राहील. इमारतीची वाट न पाहता, आठवड्यातल्या एका संध्याकाळपासून सुरू करता येईल. कसं ते पुढे सांगते. त्याआधी ‘दिसत नाहीत’ या तुमच्या शब्दांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशातल्या २.२१ टक्के लोकांना काही ना काही अपंगत्व असल्याची नोंद झाली. या हिशेबाने दहा हजार वस्तीच्या गावात सव्वादोनशेच्या आसपास माणसं निघतात, आणि जनगणनेची प्रश्नावली तेव्हा फक्त आठ प्रकारांची होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकार मानतो. म्हणजे मुलं आहेतच. ती आतल्या खोलीत, वाकळेवर, आजीच्या नजरेखाली आहेत. लाजेपोटी कुणी लपवलेली असतात, हे खरं. पण बहुतेक घरांत कारण साधं असतं. बाहेर नेऊन मुलाला बसवायचं कुठे? पाच वर्षांचं मूल कडेवर घेऊन आई किती वेळ उभी राहील? गावात त्याच्यासाठी जागाच नसेल तर ते घरातच राहणार.

आता शाळा आणि केंद्र यांतला फरक. विशेष शाळा अपंगत्वाच्या प्रकारानुसार असते. कर्णबधिरांची वेगळी, अंधांची वेगळी, मतिमंदांची वेगळी. प्रवेशासाठी दाखला लागतो, टक्केवारी लागते, वय बघतात. या शाळांनी आपल्याकडे फार मोठं काम केलं आहे आणि अनेक मुलांना त्यांची गरज राहणारच. पण तिथे मूल एकटं जातं, त्याच्यासारख्याच मुलांत राहतं आणि परत येतं. आई फाटकाशी थांबते. शेजारच्या मुलांचा तर संबंधच येत नाही.

केंद्राच्या दारात दाखला विचारत नाहीत. पायांत कॅलिपर घातलेली मुलगी येते, तिच्यामागे तिची धाकटी बहीण येते, बहिणीच्या वर्गातल्या दोघी येतात, आई येते, एखादी आजीही येते. तिथे खेळणी असतात, पुस्तकं असतात, व्यायामाची गादी असते, कागदपत्रं कशी भरायची ते सांगणारं माणूस असतं, आणि आयांना टेकून बसता येईल अशी भिंत असते. असं केंद्र खरंच समावेशक आहे की नाही हे मी दोन गोष्टींवरून ठरवते. काही अपंगत्व नसलेलं गावातलं मूल तिथे आपणहून, खेळायला म्हणून येतं का? आणि आई तिथे तासभर तरी मोकळी बसते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दारावर पाटी कोणतीही असो, ती विशेष शाळाच आहे.

हा विचार महाराष्ट्रात आला तोही शाळांतूनच, आणि बहुतेक वेळा आयांकडून. नाशिकच्या रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, ते स्वतःच्या मुलाला शाळा मिळेना म्हणून. मुंबईच्या मिथू अलूर यांची मुलगी मालिनी छिब सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. तिच्या निमित्ताने १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. अलूरबाईंची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी वेगळ्या शाळा काढल्या, नावारूपाला आणल्या, आणि पंचवीसेक वर्षांनी आपल्याच कामाकडे नव्याने पाहिलं. लंडन विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी त्यांनी अंगणवाडी योजना तपासली. ‘सर्व बालकांसाठी’ असलेल्या त्या योजनेतून अपंग बालकं प्रत्यक्षात गळत होती. मग त्यांच्या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांमध्ये, धारावीसारख्या ठिकाणी, लहान मुलांना एकत्र आणणाऱ्या बालवाड्यांचं काम हाती घेतलं. संस्थेचं नावही पुढे बदललं. आता ती ‘अडॅप्ट’ म्हणून ओळखली जाते, त्याचा अर्थ सक्षम-अक्षम सगळे एकत्र.

तुमच्या गावाला एक सोय आहे. मोडनिंब स्टेशनातून जाणारा लोहमार्ग एका बाजूला कुर्डुवाडी, बार्शीवरून लातूरकडे जातो आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेला. लातूरच्या अलीकडे हरंगुळला ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीचं केंद्र आहे. मिरजेच्या पुढे कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था आहे. नसीमादीदींचा कमरेखालचा भाग ऐन तारुण्यात लुळा पडला. त्यांनी १९८४ मध्ये ही संस्था काढली. तिच्या समर्थ विद्यामंदिरात अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात. काही सुरू करण्याआधी ताईला आणि गावातल्या आणखी एक-दोन आयांना घेऊन ही दोन्ही ठिकाणं पाहून या, आधी कळवून. हरंगुळला मुलाला कसं बसवतात, कसं भरवतात हे पाहा. कोल्हापुरात मधल्या सुट्टीत कोण कुणाशी खेळतं तेवढंच पाहत उभ्या राहा.

प्रश्न : पण सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे ना डॉक्टर, ना जागा.

उत्तर : सुरुवात माणसांपासून करा. कोणत्या घरात असं मूल आहे हे गावात दोघींना नक्की ठाऊक असतं : अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना. त्यांच्याबरोबर घरोघरी जा. जाताना फॉर्म नेऊ नका. पहिल्या भेटीत माहिती गोळा करणाऱ्यांना ही घरं कंटाळलेली असतात. नाव लिहून नेतात आणि पुन्हा कुणी फिरकत नाही. नुसतं म्हणा, ‘शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन बसणार आहोत, याल का?’ चार घरं आली तरी पुष्कळ झालं.

जागा बहुधा आहेच : अंगणवाडीची खोली, जिल्हा परिषद शाळेचा वर्ग, समाजमंदिर. संध्याकाळी या खोल्या रिकाम्या असतात. जागा निवडताना आधी पायऱ्या मोजा आणि मग संडास पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं माप एकास बारा असतं. ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब लागतो. आपल्याकडे कित्येक सरकारी इमारतींना पाच-सहा फुटांचे उभट उतार करून ठेवलेत. त्यावरून खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र सुटते. गवंड्याला आधीच हिशेब करून द्या. अठरा फूट जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवता येतो. दार तीन फूट रुंद हवं. संडासात बसायचं भांडं आणि भिंतीला घट्ट धरायचा पाइप हवा. हे नसेल तर वयात आलेली मुलगी दुसऱ्यांदा येणार नाही, आणि ती का आली नाही हे तिची आई चारचौघांत बोलणारही नाही.

डॉक्टरांबद्दल बोलायचं तर, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येणं अपेक्षित आहे. तो दिवस आधी विचारून ठेवा आणि घरातली मुलं त्या दिवशी तिथे न्या. पथक पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवू शकतं. महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कशी चालवावी याची कार्यपद्धतीही नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली आहे. अंगणवाडी ताईंना त्याबद्दल विचारा, पण ओझं त्यांच्या एकट्यांच्या डोक्यावर टाकू नका. त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग असतो. समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याला असतात. घरी जाऊन शिकवणं हेही त्यांच्या कामात येतं. ते केंद्रावर आले तर एका फेरीत त्यांना चार मुलं भेटतात आणि चार आयांना एकमेकींचं पाहून शिकता येतं.

फिजिओथेरपिस्ट महिन्यातून दोनदा आले तरी चालेल. खरा व्यायाम मधल्या दिवसांत, रोजच्या हालचालीत होतो. एकच गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या भाच्याला ती उद्यापासून उपयोगी पडेल.

सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांचे पाय ताठ होऊन एकमेकांवर कात्रीसारखे चढतात, पाठ मागे ताणली जाते. अशा मुलाला आपण आडवं उचलतो आणि आडवं ठेवूनच भरवतो. आडवं उचललं की ताठरपणा वाढतो. आडवं असताना मान मागे पडते आणि पेजेचा घास श्वासनलिकेत जायची भीती राहते. वारंवार ठसका, सतत छातीत कफ, त्यातून न्यूमोनिया, ही साखळी अनेक घरांत यातूनच सुरू होते. उलट आपल्या बायका मूल जसं कडेवर घेतात, एक पाय पुढे आणि एक मागे, तसं घेतलं की मांड्या आपोआप फाकतात आणि पायांचा ताण सैल पडतो. भरवताना मूल बसतं हवं, पाठीला आधार हवा, हनुवटी किंचित खाली हवी आणि घास समोरून, तोंडाच्या पातळीवरून यायला हवा.

मूल बसत नाही, तर बसवायचं कसं? कोपरा-खुर्चीत. दोन पाठी काटकोनात जोडलेल्या, खाली बैठक, दोन गुडघ्यांच्या मध्ये कापड गुंडाळलेली एक खुंटी आणि पुढे ताट ठेवायला फळी. खांदे कोपऱ्यात किंचित पुढे येतात आणि हात आपोआप समोर येतात. सुताराकडून प्लायची करून घेता येईल. पण झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकाने रद्दी, पुठ्ठे आणि पिठाची खळ एवढ्यावर अशी मजबूत खुर्ची करण्याची पद्धत रुळवली आणि ती जगभर गेली. पुठ्ठ्याचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, वर वजन ठेवायचं, मग अनेक दिवस कडक उन्हात वाळवायचं. सोलापूर जिल्ह्यात उन्हाची वानवा नाही. पूर्ण वाळल्यावर कागदाचे थर आणि वर ऑइलपेंट, म्हणजे सांडलेल्या वरणाने ती भिजत नाही. मापं मात्र मुलाची घ्यायची : कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत, बैठकीपासून खांद्यापर्यंत. ती घेताना एकदा तरी थेरपिस्ट शेजारी असू द्या. चुकीच्या मापाने पाठ वाकडी होऊ शकते. अशी खुर्ची केंद्रात सगळ्यांनी मिळून करायचं पहिलं काम म्हणून फार चांगली. वडिलांना बोलवा. आयांच्या बैठकीला न येणारे वडील पुठ्ठे कापायला येतात, आणि हाताला काम असलं की बोलूही लागतात.

भावंडांना विसरू नका. घरातली आठ वर्षांची बहीण गुपचूप शहाणी होऊन बसलेली असते. केंद्रात तिला ‘दादाकडे लक्ष दे’ म्हणायला बंदी असावी. ती तिथे खेळायला आलेली असते.

प्रश्न : घरचे म्हणतात, चांगल्या मुलांचे आईबाप आपली मुलं तिथे कशाला पाठवतील?

उत्तर : आईबाप पाठवणार नाहीत, मुलं स्वतः येतील. मात्र त्यांना ओढून आणण्यासारखं काही तिथे असायला हवं.

मेक्सिकोच्या डोंगराळ भागात अहोया नावाचं खेडं आहे. तिथे १९८१ च्या सुमारास ‘प्रोहिमो’ हा प्रकल्प सुरू झाला. तो गावातलीच अपंग माणसं चालवत. डेव्हिड वर्नर या त्यांच्या सोबत्याने त्या अनुभवावर १९८७ मध्ये ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. चित्रांनी भरलेलं असल्यामुळे इंग्रजी बेताचं असलं तरी वापरता येतं. केंद्रात एक प्रत असलीच पाहिजे. अहोयात त्यांना व्यायामासाठी मैदान हवं होतं. त्यांनी गावातल्या मुलांना हाताशी धरलं : तुम्ही बांधायला मदत करा, मग तुम्हीही इथे खेळा, अट एवढीच की आमच्या मुलांबरोबर खेळायचं. जंगलातले वासे, जुने टायर, दोर यांतून झोके, घसरगुंड्या, समांतर दांड्या उभ्या राहिल्या. समांतर दांड्या चालायला शिकणाऱ्यासाठी, पण लोंबकळायला त्या सगळ्यांनाच आवडतात. मुलं खेळायला आली आणि कोण कसं चालतं याचं नवल काही दिवसांत ओसरलं.

तुमच्याकडे पुणे–सोलापूर महामार्ग गावाजवळून जातो, त्यामुळे जुन्या टायरांना तोटा नाही. एक टायर आडवा टांगून त्यात गोधडी घातली की मान न धरणारं मूलही त्यात झोपून झुलतं, आणि तोच झोका उरलेल्या वेळात बाकीची पोरं सोडत नाहीत. खेळण्यांचं वाचनालय करा : खेळणं आठवडाभर घरी न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं. गोष्टींची पुस्तकं ठेवा. बुद्धिबळ, कॅरम ठेवा. चालता न येणारा मुलगा कॅरममध्ये भल्याभल्यांना हरवतो तेव्हा त्याचं नाव गावाला कळतं. तोवर तो ‘तो लंगडा’ असतो. शब्दांची शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावा, आणि मोठ्यांनाही. आयांपुढे ‘गेल्या जन्मीचं’ काढणाऱ्या पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो कितीही वडीलधारा असो.

आणखी एक. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्या दिवशी मुलांना रांगेत बसवून बिस्किटाचे पुडे वाटण्याचे आणि फोटो काढण्याचे प्रस्ताव येतील. नम्रपणे नाही म्हणा. त्यांना सांगा, उताराला सिमेंटच्या दहा गोण्या कमी पडताहेत.

प्रश्न : पैसे? आणि ही मुलं मोठी झाल्यावर काय?

उत्तर : महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो वर्षाअखेरीस थोडाथोडा वाटून टाकतात. ती रक्कम घरांना हवी असते, म्हणून वाटपाला सरसकट विरोध करू नका. पण त्यातला काही भाग सामूहिक कामालाही वापरता येतो. तेव्हा ग्रामसभेत आयांनी एकत्र जाऊन उतार, संडास आणि थेरपिस्टचं मानधन अशी नेमकी मागणी मांडायची. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. ‘केंद्रासाठी मदत’ असं मोघम मागाल तर आश्वासन मिळेल, ‘अठरा फुटांचा उतार’ मागाल तर अंदाजपत्रक होईल. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे; नोंदणीकृत संस्था झाल्यावर तिकडे जाता येईल. पण संस्था नोंदवण्याची घाई पहिल्या वर्षी नको. आधी शनिवार टिकू दे.

कागदपत्रांपैकी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पहिलं, बाकीचं बहुतेक त्यावर चालतं. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना आहे, मर्यादा एक लाख रुपयांची. मुलं अठराची झाली की याच कायद्याखाली, गरज असेल तर, कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. ‘आमच्यामागे याचं काय’ हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री जागवतो. डोंबिवलीजवळ खोणी गावात ‘अमेय पालक संघटने’च्या पालकांनी एकत्र येऊन मुलांसाठी ‘घरकुल’ हे कायमचं घर उभं केलं. पालक एकमेकांना आधीपासून ओळखत असले तर असं काही सुचतं आणि जमतं.

प्रश्न : मी स्वतः काय शिकले तर उपयोगी पडेन?

उत्तर : बारावीनंतर विशेष शिक्षणातली दोन वर्षांची पदविका असते. ती करताना महाविद्यालयाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधी परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता नसेल तर हातात कागद येतो आणि नोकरी मिळत नाही. पदवी पूर्ण करायची असेल तर ती आधी करा, विशेष शिक्षणातलं बी.एड. नंतर करता येतं. तोपर्यंत शनिवार संध्याकाळची किल्ली तुमच्याकडे ठेवा. आणि पहिल्या शनिवारी ताईला मुलाच्या शेजारी बसवू नका. त्याला तुम्ही घ्या, तिला बाकीच्या आयांमध्ये बसू द्या.